तिसऱ्यांदा विचारायचं राहिलं

सोल्बर्गांच्या घरात पहिला नकार हा नकार नसतो आणि दुसराही नसतो. कॉफी विचारली की आधी 'नको, कशाला उगाच' म्हणायचं, पुन्हा विचारली की 'नाही हो, आत्ताच घेतली' म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा विचारली की 'बरं, अर्धाच कप' म्हणून दोन कप रिचवायचे. मिनेसोटातल्या त्या तळ्याकाठच्या गावात सगळीच माणसं कमीअधिक अशी, पण सोल्बर्गांनी त्याचा अगदी धर्म करून टाकला होता. या घरच्या लेकीच्या, करीनच्या, नवऱ्याला, डॉमिनिकला, लग्नाला वीसबावीस वर्षं होऊनही हे पचलेलं नव्हतं. तो न्यू जर्सीचा. पहिल्या भेटीत सासूनं केक विचारला तर हा गडी पहिल्याच फटक्याला 'द्या की, मोठा तुकडा द्या' म्हणाला होता, आणि त्या तुकड्याची गोष्ट या घरात अजून सांगतात.

म्हणून तर आईचा फोन आल्यापासून करीनचं डोकं चालेनासं झालं होतं.

आर्डिस सोल्बर्ग फोनवर फार बोलणारी बाई नव्हे. तिनं हवा सांगितली, शेजाऱ्याच्या गुडघ्याचं सांगितलं, आणि त्याच सुरात सांगून टाकलं की यंदा थँक्सगिव्हिंगला, नोव्हेंबरातल्या सणाच्या जेवणाला, टर्की करणार नाही. रताळी नाहीत, चांदीचे काटेचमचे नाहीत, इस्त्रीचा टेबलक्लॉथ नाही. ज्याला जे खावंसं वाटेल ते त्यानं आणावं, घरात घालतो त्याच कपड्यांत यावं, वाटेल तेव्हा यावं. करीन म्हणाली, मग टर्की मी आणते. आई म्हणाली, नको. करीन म्हणाली, अगं लहानशी, नुसती चवीला. आई म्हणाली, नको गं, कशाला जिवाला त्रास. करीन तिसऱ्यांदा विचारणार एवढ्यात आईच्या दारावर कुणीतरी आलं आणि फोन बंद झाला.

आता या दोन नकारांचा अर्थ काय लावायचा? डॉमिनिकचं म्हणणं साधं होतं. नको म्हणाल्या ना? मग नको. करीननं त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो बिचारा उठून कुत्र्याला फिरवायला घेऊन गेला.

खरं दुखणं टर्कीचं नव्हतंच. बाबा, म्हणजे हार्लन सोल्बर्ग, गेल्या वर्षी मार्चमध्ये गेले. त्यानंतरच्या पहिल्या थँक्सगिव्हिंगला सगळे मान खाली घालून जेवले, आणि भांडी पुसता पुसता आई करीनला म्हणाली, "यापुढे हे तुझ्याकडे करतेस का?"  कधीपासून करीनला ते हवं होतं. पण ती म्हणाली, छे, काहीतरीच, हे तुझं आहे आई. ईस्टरला आईनं पुन्हा विचारलं, आणि करीन पुन्हा नाही म्हणाली. मग ती तिसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत बसली. उन्हाळाभर बसली. दरम्यान तिनं जेवणाचं टेबलही बदललं होतं, ओढलं की लांब होणारं घेतलं होतं, आणि डॉमिनिकनं विचारलं तेव्हा जुन्याचे पाय डुगडुगतात असं खोटंच सांगितलं होतं. तिसरा प्रश्न आलाच नाही. आला तो हा फोन. आई मला द्यायच्या आधी मोडून टाकतेय, हे करीनच्या मनातून जाईना. त्यात लेकीनं, सिग्नेनं, कॉलेजातून कळवलं की आजी काही करणारच नसेल तर एवढा प्रवास करून यायचं कशाला, ती मैत्रिणीकडेच राहील. म्हणजे एक माणूस गळलंसुद्धा. अशी दोन वर्षं गेली की घर पांगतं, हे करीननं इतर घरांतून पाहिलेलं होतं.

म्हणून सणाच्या गुरुवारी पहाटे उठून तिनं टर्की भाजली. फॉइलमध्ये गुंडाळली, दोन टॉवेलांत बांधली, ऊब टिकावी म्हणून थर्माकोलच्या पेटीत ठेवून गाडीच्या डिकीत लपवली. डॉमिनिकनं त्याला आवडतो म्हणून त्याच्या आईच्या पद्धतीचा लझान्या केला होता आणि तो मांडीवर उघडाच घेऊन बसला होता. त्याच्यापाशी लपवण्यासारखं काही नव्हतं.

आईनं दार उघडलं तेव्हा ती रात्रीच्या फ्लॅनेलच्या झग्यात होती, पायात बाबांचे लोकरी मोजे. दुपार व्हायला आली होती. करीननं या बाईला आयुष्यात कधी न्याहारीच्या टेबलावरसुद्धा झग्यात पाहिलेलं नव्हतं. ती आजारी आहे, हा पहिला विचार. पण आईचे गाल लाल होते आणि ती हसत होती.

"आलात? या. बूट कुठंही काढा."

बूट कुठंही काढा. या घरात बुटांसाठी रबरी तबक होतं आणि त्याच्या कडेबाहेर बूट गेला तर बाबा खोकायचे. करीननं बूट हातात धरले, तबकाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि शेवटी तबकातच ठेवले.

आत तर काही कळण्याचीच सोय नव्हती. जेवणाच्या मोठ्या टेबलावर दीपगृहाचं चित्र जुळवायला काढलेलं, हजारभर तुकडे पसरलेले. म्हणजे बसून जेवायला जागाच नाही. बैठकीत टीव्हीवर फुटबॉल चालू, आणि समोर धाकटा भाऊ रॉल्फ इस्त्रीचा शर्ट घालून अवघडून बसलेला. घटस्फोटापासून तो एकटाच यायचा. त्याच्याजवळ एल्व्हिरा आत्या, बाबांची थोरली बहीण. तिनं निळा चर्चचा पोशाख घातला होता, छातीवर फुलाच्या आकाराचा चांदीचा ब्रोच लावला होता आणि भलीमोठी पिशवी मांडीवर घट्ट धरून ठेवली होती. करीननं पिशवी खाली ठेवू का विचारलं. आत्या म्हणाली, राहू दे. पुन्हा विचारलं, तरी राहू दे. करीननं तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा आत्यानं तिच्याकडे डोळे वटारले, आणि हे तर अगदीच अजब झालं.

"तुझ्या आईला झालंय तरी काय?" आत्या कुजबुजली. "मला विचारते, कॉर्नफ्लेक्स खाणार का. थँक्सगिव्हिंगला."

या घरात जेवण एकला. बाबा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उठायचे, सुरी परजायचे आणि पंगत बसायची. एक वाजला. सगळ्यांनी घड्याळाकडे पाहिलं. आईनं दीपगृहाच्या छपराचा एक तुकडा बसवला. दीड वाजला. भूक सगळ्यांनाच लागलेली, पण वाढून घ्या असं कुणी म्हटलेलं नव्हतं, आणि म्हटल्याशिवाय घ्यायचं म्हणजे अगदीच रानटीपणा. आई आपली अधूनमधून स्वयंपाकघरात जाई, ब्रेडवर चीज वितळवून आणी आणि उभ्याउभ्या खाई. एवढ्या लोकांत निवांत होती ती, आणि डॉमिनिक. त्यानं लझान्या ओव्हनमध्ये गरम राहायला ठेवून दिला होता आणि तो सासूबरोबर बसून आभाळाचे तुकडे वेगळे काढत होता.

"तुम्ही कडेचे आधी लावा," आई त्याला म्हणाली.

"कडेचे सगळेच लावतात," डॉमिनिक म्हणाला. "मला चित्रातला हा कुत्रा आवडला. मी कुत्रा करतो."

"करा मग," आई म्हणाली, आणि दोघं खूश दिसत होते. करीनला नवऱ्याचा राग आला. कशाचा ते मात्र तिला सांगता आलं नसतं.

शेवटी ती गाडीतून काहीतरी आणते म्हणून उठली. गाडी गॅरेजात होती, आणि नोव्हेंबरातलं गॅरेज म्हणजे या गावाचा दुसरा फ्रीज. डिकी उघडून तिनं टर्कीवर हात ठेवला. टॉवेलाच्या आतली ऊब पार गेली होती. तेवढ्यात शेजारच्या गाडीची डिकीही उघडी असल्याचं तिच्या लक्षात आलं, आणि तिथून रॉल्फ वर आला. त्याच्या हातात फॉइलचं गाठोडं होतं. गाठोड्यातून धुराचा वास येत होता.

दोघं एकमेकांच्या गाठोड्यांकडे बघत राहिली. बाबांच्या बोटीवरून झालेल्या भांडणानंतर हे बहीणभाऊ एकमेकांशी कामाव्यतिरिक्त दोन वाक्यंही बोलले नव्हते.

"तुला पण दोनदाच नको म्हणाली?" रॉल्फनं विचारलं.

"दोनदाच."

"मग दारावर कोणीतरी आलं?"

"हो."

रॉल्फनं गाठोडं डिकीत ठेवलं. मला वाटलं, नुसतं रीतीचं नको आहे, तो म्हणाला. कुणीतरी टर्की आणावी असं आईला वाटतंय, आणि तू आणणार नाहीस. करीन म्हणाली, मलाही तेच वाटलं, की तू आणणार नाहीस. मग दोघं हसली, पण फार वेळ नाही. थंडी होती. रॉल्फचा अंदाज होता की आई घर विकणार आणि हे सांगायचं कसं म्हणून हा सगळा खेळ. करीनचा अंदाज, डॉक्टरनं काहीतरी वाईट सांगितलं असणार. रॉल्फ म्हणाला, एखादा म्हातारा बघितला असेल. करीननं त्याला गप्प केलं.

"काही असो," ती म्हणाली, "पण मला एकदा विचारायचं तरी. सगळं मोडायच्या आधी."

रॉल्फ बावचळला. "विचारलं की तुला. तुला नकोय ना?"

"कोण म्हणालं?"

"आई म्हणाली. ईस्टरनंतर. करीनला विचारलं, तिला नकोय, आता ते जाऊ दे, असं म्हणाली."

करीनला थोबाडीत बसल्यासारखं झालं. नकोय? आईनं तिचे दोन नकार खरे धरले? ज्या बाईनं करीनला बोलायला शिकवतानाच नको कसं म्हणायचं ते शिकवलं, तिनं? हे काही तिच्या डोक्यात शिरेना. खरे धरले असतील तर आई आईच राहिली नव्हती. आणि खोटे आहेत हे ओळखूनही सोडून दिलं असेल, तर ते त्याहून वाईट.

तिनं टर्की उचलली आणि तशीच आत निघाली. रॉल्फ म्हणाला, अगं थांब, कुठं चाललीस, पण तोही आपलं गाठोडं घेऊन मागोमाग आला.

आत येऊन करीननं टर्की दीपगृहाच्या कडेला ठेवली. रॉल्फनं त्याची तिच्या शेजारी ठेवली.  एल्व्हिरा आत्यानं दोन्हीकडे बघितलं, एक उसासा सोडला, मांडीवरची पिशवी उघडली आणि आतून मलमलीत गुंडाळलेला टर्कीच्या छातीचा भाजलेला तुकडा काढून तिसरा मांडला.

"मला वाटलं, तुम्ही पोरं काही आणायची नाहीत," आत्या म्हणाली.

डॉमिनिकनं कुत्र्याचा तुकडा खाली ठेवला. "मला कुणीतरी समजावून सांगेल का," तो म्हणाला, "त्या नको म्हणाल्या होत्या ना?"

 आई तिन्ही गाठोड्यांकडे बघत होती. मघाचं हसू गेलं होतं, आणि झग्यातली ती अचानक लहान दिसायला लागली. ती खुर्चीत बसली.

"म्हणजे टर्की करावीच लागणार," ती म्हणाली. "मी किती साधं सांगितलं होतं."

करीनला तिची दया आली आणि रागही आला, दोन्ही एकाच वेळी, आणि बोलताना राग पुढं झाला.

"मला नकोय असं तू रॉल्फला सांगितलंस?"

"तूच म्हणालीस ना."

"दोनदा म्हणाले. फक्त दोनदा. तू तिसऱ्यांदा विचारलंच नाहीस, आई."

हे असं उघड बोलायचं नसतं. रॉल्फनं टीव्हीचा आवाज बंद केला, आणि त्यामुळे आणखीच अवघडल्यासारखं झालं. आईनं हातातला तुकडा फिरवला.

"नाही विचारलं," ती म्हणाली. "मुद्दामच नाही विचारलं."

"का?"

"तिसऱ्यांदा विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस."

"म्हणणारच होते."

"तेच तर. तिसऱ्यांदा विचारल्यावर नाही म्हणायला जागा कुठं राहते? तुझ्या आजीनं मला विचारलं तेव्हा मी बावीस वर्षांची होते. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. मी दोनदा नाही म्हटलं. अगदी मनापासून म्हटलं होतं मी, करीन. पण खरं 'नाही' आणि रीतीचं 'नाही', दोन्ही ऐकायला सारखंच. मग त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं." आईनं तुकडा खाली ठेवला. "तेव्हापासून पहाटे उठतेय. सगळ्यांना वाढून बसेपर्यंत माझ्या ताटातलं थंड. एकदाही गरम जेवले नाही मी या दिवशी. तुझ्या बाबांना कधी कळलं नाही, मी कळू दिलं नाही. ते गेले तेव्हा म्हटलं, पोरीच्या गळ्यात नको. दोनदा विचारायचं, म्हणजे विचारलं नाही असं व्हायला नको. आणि तिथंच थांबायचं."

करीन उभीच होती.  उन्हाळाभर ती ज्या गोष्टीसाठी मनातल्या मनात आईशी भांडली होती, ती आईनं तिच्यासाठी राखून ठेवलेली मोकळीक निघाली. आता भांडायचं कुणाशी?

"आईला स्वतःलाही ते नको झालं होतं," एल्व्हिरा आत्या मध्येच म्हणाली. ती तिच्या आईबद्दल, करीनच्या आजीबद्दल बोलत होती. "मला आधी विचारलं तिनं. मी सरळ लांब डुलथ शहरात नोकरी धरली."

आर्डिसनं नणंदेकडे वळून पाहिलं. इतक्या वर्षांत हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. ती हसली, आणि मग आत्याही ओठ मुडपून हसली.

"मला हवंय," करीन म्हणाली. आवाज तिला वाटला त्याहून मोठा निघाला. "मला पहिल्यापासून हवं होतं. मी टेबल घेतलंय, आई. ओढलं की लांब होतं."

"अच्छा," डॉमिनिक म्हणाला. "पाय डुगडुगत होते म्हणे."

आई तिच्याकडे निरखून बघत राहिली, जणू पोरगी तापात बोलत नाही ना हे पाहतेय. "खरंच हवंय? का मी असं बोलले म्हणून म्हणतेस?"

आता हे कसं पटवायचं? या घरात खरं पटवून देण्यासाठी एकच पद्धत होती, आणि तिला ती पुरती ठाऊक होती. करीननं खुर्ची ओढली आणि आईसमोर बसली.

"पुढच्या वर्षी तू माझ्याकडे यायचंस," ती म्हणाली.

"नको गं. कशाला तुला त्रास."

"त्रास नाही. ये."

"बघू. मी आपली इथंच बरी आहे, झग्यात."

 हा दुसरा. इथं थांबता आलं असतं, आई थांबली होती तसं. आणि हे दोन्ही नकार खरेच असतील तर? आईला खरंच कुठं जायचं नसेल, तिला फक्त झगा, चीज आणि दीपगृह हवं असेल, तर तिसऱ्यांदा विचारून आपणही आजीसारखंच तिला अडकवू. मघापर्यंत जे तिला स्वच्छ वाटत होतं ते पुन्हा गढूळ झालं. तिनं रॉल्फकडे पाहिलं. त्यालाही काही कळत नव्हतं. मग तिनं आईच्या हाताकडे पाहिलं. आईनं हात टेबलावर, तुकड्यांच्या मधोमध, पालथा ठेवला होता आणि तो जरासा पुढं सरकला होता.

"झग्यात ये," करीन म्हणाली. "पण ये. तू काही करायचं नाहीस. तू पहिल्यांदा वाढून घ्यायचं."

 आईनं झग्याच्या बाहीनं नाक पुसलं. तेही करीननं आयुष्यात कधी पाहिलेलं नव्हतं.

"किती वाजता येऊ?" आईनं विचारलं.

मग एकदम सगळ्यांना भूक आठवली. रॉल्फनं बशा आणल्या, कागदाच्या, कारण आईनं त्याच काढून ठेवल्या होत्या. आत्यानं पिशवी अखेर जमिनीवर ठेवली. टेबलावर जागा नव्हती म्हणून जो तो मिळेल तिथं बसला. बाबांची सुरी कुठं आहे कुणी विचारलं नाही. रॉल्फनं खिशातल्या चाकूनं तिन्ही टर्क्या कापल्या, थंडगार आणि वेड्यावाकड्या, आणि बहिणीची टर्की त्याच्यापेक्षा मऊ झाल्याचं कबूल करून टाकलं. करीन म्हणाली, बोटीचं नंतर बोलू. तो म्हणाला, बोट तूच घे, मला ती दुरुस्त करायचा कंटाळा आलाय. तिनं नको म्हटलं. तो पुन्हा विचारायच्या बेतात होता, मग थांबला आणि हसायला लागला.

करीननं एक बशी भरून आईपुढं धरली. तिच्या टर्कीचा चांगला तुकडा होता तो.

आईनं बशीकडे पाहिलं. मग लेकीकडे पाहिलं.

"टर्की नको गं," ती म्हणाली.

करीन पुन्हा आग्रह करणार होती, तोंड उघडलंही होतं. आणि मग तिला फोन आठवला. फोनवर दोनदा म्हणाली होती, आणि हे तिसऱ्यांदा. म्हणजे हे रीतीचं नव्हतं. बाईला टर्की नको होती. कोण जाणे, कधीच नको होती की काय, आणि पन्नास वर्षं ती भाजत आली.

"बरं," करीन म्हणाली.

ती उठली, ओव्हनमधून लझान्या काढला आणि वरून चीज अजून खदखदत होतं तेवढा तुकडा आईच्या बशीत घातला. आई म्हणाली, भाजेल, जरा थांबू दे. पण ती थांबली नाही. बाकीचे अजून वाढून घेत होते, कुणी काटा शोधत होतं, आणि आई दीपगृहापाशी बसून फुंकर मारत, तोंड भाजत, जेवत होती.